विषाणू, औषध आणि कलेक्टरची सही

२०१० साली मी मध्य प्रदेशातील एका जिल्ह्याचा कलेक्टर होतो. दर मंगळवारी जनसुनवाई असे. जमिनीची मोजणी, अडलेले निवृत्तिवेतन, हातपंपाची दुरुस्ती, शिधापत्रिकेतून गळलेले नाव अशा शंभर-सव्वाशे अर्जांमध्ये एके दिवशी एका प्राथमिक शिक्षकांचा अर्ज आला. त्यांच्या धाकट्या भावाला तोंडाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली होती, किरणोपचार झाले होते, आणि तरीही गाठ पुन्हा उद्भवली होती. अर्जासोबत तहसीलच्या गावातील इंटरनेट कॅफेतून छापून आणलेले दहा-बारा कागद जोडलेले होते. चीनमध्ये एक विषाणू प्रयोगशाळेत बदलून थेट गाठीत टोचतात, तो कर्करोगाच्या पेशी मारतो, आणि तेथील सरकारने त्याला मान्यता दिली आहे, असा त्या कागदांचा मथितार्थ होता. भावाला चीनला नेण्यासाठी शासनाने साहाय्य करावे, अशी विनंती होती.

मी नियमाप्रमाणे शेरा लिहिला : परदेशातील उपचारांसाठी निधीत तरतूद नाही, राज्यातील मान्यताप्राप्त रुग्णालयातील उपचारांसाठी प्रस्ताव सादर करावा. शिक्षकांनी तो वाचला, मान डोलावली आणि निघता निघता विचारले, "साहेब, पैशाचे राहू द्या. यात जे लिहिले आहे ते खरे आहे का, एवढे तरी कोणाला विचारू?" मी त्यांना सिव्हिल सर्जनकडे पाठवले. सिव्हिल सर्जनांनी प्रामाणिकपणे सांगितले की, आपण असे काही ऐकलेले नाही. तीन-चार महिन्यांनी ते प्रकरण पुन्हा माझ्या टेबलावर आले. राज्यातील रुग्णालयासाठी मंजूर झालेली रक्कम, लाभार्थी मृत झाल्यामुळे, अखर्चित म्हणून परत जमा करण्याविषयीची ती टिपणी होती. मी सही केली.

पैसे न मिळाल्याचे शल्य मला फारसे नाही. तो निर्णय तेव्हाही बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. शल्य आहे ते त्या दुसऱ्या प्रश्नाचे. "हे खरे आहे का?" या साध्या प्रश्नाला उत्तर देऊ शकेल असा एकही माणूस शासनाच्या वतीने मला दाखवता आला नाही. नवी उपचारपद्धती खरी की खोटी, कोणासाठी खरी, कितपत खरी आणि कोणत्या धोक्यासह खरी, हे नागरिकाला सांगण्याची जबाबदारी शासनाची आहे, आणि ती बोट दाखवून सांगता येईल अशा एका अधिकाऱ्याची असली पाहिजे, असे माझे मत आहे. आज ती अनेक दारांत वाटली गेलेली आहे.

प्रथम त्या कागदांविषयी. त्यांत लिहिलेले पुष्कळसे खरे होते. चीनने २००३ साली 'जेंडिसिन' आणि २००५ साली 'एच-१०१' या दोन उपचारांना मान्यता दिली होती, आणि दोन्ही डोके व मान या भागातील कर्करोगांसाठी होते. दोन्हींमध्ये सर्दी-खोकला निर्माण करणारा अ‍ॅडेनोव्हायरस वापरला जातो. परंतु दोहोंची रीत वेगळी. जेंडिसिनमधील विषाणू केवळ हमाल आहे. तो 'पी-५३' हे पेशीच्या वाढीला लगाम घालणारे जनुक आपल्या पाठीवरून गाठीत पोहोचवतो. स्वतः वाढत नाही. एच-१०१ मधील विषाणू मात्र शिकारी आहे. त्याचे एक जनुक काढून टाकल्यामुळे तो निरोगी पेशीत नीट वाढू शकत नाही, कर्करोगाच्या पेशीत मात्र वाढतो, ती पेशी फोडतो आणि शेजारच्या पेशीत शिरतो. गंमत अशी की, या दुसऱ्या विषाणूची मूळ कल्पना चीनची नव्हती. 'ओनिक्स-०१५' नावाचा त्याचा जवळचा भाऊबंद कॅलिफोर्नियात जन्मला होता. पैशाअभावी त्याची अखेरच्या टप्प्याची चाचणी अमेरिकेत अर्धवट राहिली, आणि तीच कल्पना शांघायमध्ये औषध झाली.

ही कल्पना पाहिली तर जुनी आहे. इन्फ्लुएंझा झालेल्या एका ल्युकेमियाच्या रुग्णाची प्रकृती काही काळ आश्चर्यकारकरीत्या सुधारल्याची नोंद जॉर्ज डॉक या अमेरिकी डॉक्टरांनी १९०४ सालीच केली होती. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये चेस्टर साउदम यांनी कर्करोगाच्या रुग्णांना जिवंत विषाणू टोचून पाहिले. क्वचित गाठी आटल्या, पण काही रुग्णांना विषाणूनेच गाठले. निसर्गातील विषाणू जसाच्या तसा वापरला तर तो गाठ आणि रुग्ण यांत भेद करत नाही, हा त्यातून मिळालेला धडा. याच साउदम यांनी १९६३ साली ब्रुकलिनमधील एका रुग्णालयात बावीस वृद्ध रुग्णांना, नेमके काय टोचतो आहोत हे न सांगता, कर्करोगाच्या जिवंत पेशी टोचल्या, आणि वैद्यकीय संमतीच्या इतिहासात त्यांचे नाव वेगळ्याच कारणाने कायमचे लिहिले गेले. विज्ञानातील धाडस आणि संमतीविषयीची बेपर्वाई एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात, हे प्रशासकाने ध्यानात ठेवावे असे आहे.

विषाणूला भेद करायला शिकवणे शक्य झाले ते जनुकांत हवा तसा बदल करण्याची विद्या हाती आल्यावर. १९९१ साली हर्पिस विषाणूचे एक जनुक निकामी करून तो मेंदूतील गाठी असलेल्या उंदरांवर वापरल्याचा शोधनिबंध अमेरिकेत प्रसिद्ध झाला, आणि तेथून आजच्या पर्वाला सुरुवात झाली. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'टी-व्हेक' या बदललेल्या हर्पिस विषाणूला मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी मान्यता दिली. ओठांवर जर येतो तोच हा विषाणू. त्यातले एक जनुक काढल्याने तो चेतापेशींना बाधेनासा झाला. दुसरे काढल्याने त्याने ग्रासलेल्या पेशीला शरीराच्या प्रतिकारयंत्रणेपासून लपता येईनासे झाले. आणि मानवी शरीरातले एक जनुक त्याच्यात घातल्याने, तो जिथे वाढेल तिथे प्रतिकारपेशींना बोलावणे धाडू लागला. म्हणजे एका गाठीत टोचलेला विषाणू ती गाठ तर फोडतोच. शिवाय उरलेल्या गाठी ओळखण्याचे शिक्षणही शरीराला देतो. हर्पिसवर चालणारे नेहमीचे औषध त्याच्यावरही चालते, ही आणखी एक सोय.

आता 'कितपत खरे' हा प्रश्न. येथे उत्साहाला आवर घालावा लागतो. टी-व्हेकच्या मुख्य चाचणीत ४३६ रुग्ण होते. सहा महिने किंवा अधिक टिकणारा प्रतिसाद विषाणू घेणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांना मिळाला. तुलनेच्या गटात २ टक्क्यांना. आयुर्मान साधारण १९ महिन्यांवरून २३ महिन्यांवर गेले, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही. पुढे हाच विषाणू एका नव्या प्रतिकारवर्धक औषधाच्या जोडीने दिला असता जास्तीचा लाभ सिद्ध झाला नाही, आणि ती चाचणी २०२१ साली थांबवावी लागली. यकृताच्या कर्करोगासाठी बदललेल्या, देवीच्या लशीच्या विषाणूची मोठी चाचणी २०१९ सालीच बंद पडली होती. चीनच्या एच-१०१ ची आकडेवारी देखणी होती : विषाणू आणि केमोथेरपी मिळून सुमारे ७९ टक्के रुग्णांच्या गाठी लहान झाल्या, नुसत्या केमोथेरपीने सुमारे ४० टक्के. परंतु गाठ लहान होणे आणि माणूस अधिक जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मान्यता मिळाली ती पहिल्या गोष्टीवर.

थोडक्यात, त्या शिक्षकांना खरे उत्तर असे देता आले असते : हे थोतांड नाही, चमत्कारही नाही, मोजक्या रुग्णांना मोजका लाभ देणारी ही एक नवी वाट आहे, आणि तुमच्या भावाच्या अवस्थेत ती उपयोगी पडेल याचा भक्कम पुरावा अजून नाही. हे वाक्य ऐकण्याचा त्यांना अधिकार होता.

आणि हे केवळ एका घराचे दुःख नाही. २०२२ च्या ग्लोबोकॅन अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग होतो आणि सुमारे ९ लाख लोक त्याने दगावतात. तंबाखू आणि गुटख्यामुळे डोके व मान यांच्या कर्करोगाचे आपल्याकडील प्रमाण फार मोठे आहे. हे कर्करोग बहुधा वरून दिसणारे, हाताला लागणारे आणि सुई पोहोचणारे असतात. विषाणू गाठीत टोचण्याच्या पद्धतीला ते विशेष अनुकूल आहेत. पाश्चात्त्य कंपन्यांनी आपला पुरावा उभा केला तो प्रामुख्याने मेलॅनोमावर, जो आपल्याकडे विरळा आहे. आपल्या रोगाचा पुरावा आपणच उभा केला पाहिजे, तो दुसरा कोणी आणून देणार नाही.

मग अडचण कोठे येते? औषध जिवंत असते, येथे. गोळी गिळली की तिचा प्रवास रुग्णाच्या शरीरात संपतो. हा विषाणू काही दिवस टोचलेल्या जागी वाढत असतो. म्हणून टी-व्हेक दिल्यावर जखम किमान आठवडाभर झाकून ठेवावी लागते, पट्टी बदलणाऱ्याने हातमोजे घालावे लागतात, आणि गरोदर स्त्रिया व क्षीण प्रतिकारशक्तीचे लोक यांना त्या जखमेपासून दूर ठेवावे लागते. औषध उणे ७० अंशांखाली गोठवून आणावे व साठवावे लागते. आपली लसीकरणाची शीतसाखळी प्रामुख्याने २ ते ८ अंशांसाठी बांधलेली आहे. यांपैकी एकही गोष्ट असाध्य नाही. मूत्राशयाच्या कर्करोगावर बीसीजीचे जिवंत जंतू देण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून रूढ आहे, आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट त्यासाठीचे बीसीजी बनवत आलेली आहे. पण प्रत्येक गोष्टीकडे कोणीतरी लक्ष द्यावे लागते.

हे 'कोणीतरी' कोण? पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ याखाली ५ डिसेंबर १९८९ रोजी जनुकीय बदल केलेल्या जीवांविषयीचे नियम अधिसूचित झाले. प्रयोगशाळेतील कामावर जैवतंत्रज्ञान विभागाची समिती, पर्यावरणीय परवानगीसाठी पर्यावरण मंत्रालयाची 'जीईएसी', औषध म्हणून चाचणी व विक्रीसाठी आरोग्य मंत्रालयाखालचे औषध महानियंत्रक, अशी ही रचना आहे. २०१९ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जनुकोपचारांची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा आणखी एक मूल्यमापन समिती आली. इन्शुलिनसारख्या, अंतिम रूपात निर्जीव असणाऱ्या औषधांची यातून २००६ साली बरीच सुटका करण्यात आली. जिवंत विषाणूची ती होऊ शकत नाही, आणि होऊही नये.

याच नियमांत राज्यस्तरावर मुख्य सचिवांची समिती आहे, आणि जेथे आवश्यक असेल तेथे जिल्हास्तरीय समिती आहे. तिचा अध्यक्ष कलेक्टर. जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी, कारखाना निरीक्षक, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रतिनिधी, कृषी अधिकारी, सूक्ष्मजीवशास्त्राचे जाणकार हे तिचे सदस्य. जिल्ह्यात असे जीव हाताळणाऱ्या संस्थांना भेट देणे, धोक्यांची यादी करणे, अपघात झाल्यास संस्थेच्या आवाराबाहेर काय करायचे याची योजना आखणे आणि वर नियमित अहवाल पाठवणे, ही तिची कामे आहेत.

मी तीन जिल्ह्यांचा कलेक्टर होतो. कलेक्टर जितक्या समित्यांचा अध्यक्ष असतो त्यांची यादी कार्यभार घेताना हाती येते. ती कित्येक पानांची असते. तिच्यातील या समितीचे नाव मी प्रथम लक्षपूर्वक वाचले ते जिल्हे सोडून सचिवालयात आल्यावर. माझ्या कार्यकाळात तिची एकही बैठक झाली नाही. कोणी ती बोलावण्यास सुचवले नाही, आणि मलाही ती बोलवावी असे सुचले नाही. त्या शिक्षकांचा प्रश्न ज्या एका व्यासपीठावर निदान विचारता तरी आला असता, त्याचा अध्यक्ष टेबलाच्या या बाजूला बसला होता आणि त्याला ते ठाऊक नव्हते.

कागदावरील समितीची किंमत काय द्यावी लागते, हे कापसाने दाखवून दिले आहे. २००१ साली गुजरातेत 'नवभारत १५१' या नावाने विकलेल्या बियाण्यात बीटी जनुक असल्याचे उघडकीस आले. तेव्हा देशात बीटी कापसाला परवानगीच नव्हती. ती मार्च २००२ मध्ये मिळाली. पीक हजारो हेक्टरांवर उभे होते. ते नष्ट करण्याचे आदेश दिल्लीहून निघाले, आणि शेतकऱ्याच्या दारात जाऊन उभे पीक जाळण्याची वेळ आली तेव्हा ते कागदावरच राहिले. २०१२ साली संसदेच्या कृषिविषयक स्थायी समितीने जनुकीय पिकांवरील आपल्या अहवालात या नियामक व्यवस्थेवर कठोर टीका केली. कापसाचे बी चुकून पसरले तर शेताची हानी होते. जिवंत औषधाच्या बाबतीत हलगर्जी झाली तर ती वॉर्डातल्या सर्वांत अशक्त माणसाला भोवेल.

हलगर्जीची दुसरी बाजू संमतीची. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठात जेसी गेल्सिंजर हा अठरा वर्षांचा तरुण जनुकोपचाराच्या चाचणीत, अ‍ॅडेनोव्हायरस टोचल्यानंतर चार दिवसांत, मरण पावला. त्याला कर्करोग नव्हता. यकृताचा एक आनुवंशिक विकार होता आणि तो आहार व औषधांवर सांभाळला जात होता. आधीच्या प्रयोगांतील दुष्परिणाम त्याला पुरेसे सांगितले गेले नव्हते आणि प्रमुख संशोधकाचे आर्थिक हितसंबंध गुंतलेले होते, हे पुढे चौकशीत समोर आले. त्या एका मृत्यूने साऱ्या जनुकोपचारांची गती कित्येक वर्षे मंदावली. आपल्याकडे २००९ साली आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लशीचा प्रकल्प सुरू झाला. मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत सिद्ध झाला नाही. पण पालकांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतिपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले, एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला, आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कोरडे ओढले. चांगली लस होती. सही चुकीच्या माणसाची होती. त्या अविश्वासाचे ओझे ती लस पुढे अनेक वर्षे वाहत राहिली.

त्याच सुमारास इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने औषधचाचण्यांतील गैरप्रकारांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाच्या दट्ट्याने २०१३ साली नुकसानभरपाईचे आणि संमतीचे नियम कडक झाले, ते आवश्यकच होते. मात्र प्रशासनाची प्रतिक्रिया ठरावीक होती. काल जो अधिकारी न वाचता 'हो' लिहीत होता, तोच आज न वाचता 'पुनर्विचारार्थ सादर' लिहू लागला. चाचण्यांची संख्या झपाट्याने घसरली. २०१९ चे नवीन औषधे व चिकित्सा चाचणी नियम आले तेव्हा कोठे हा लंबक मध्याकडे सरकू लागला.

आम्हा अधिकाऱ्यांना या लंबकाची भीती का वाटत नाही, याचे उत्तर कटू आहे. चुकीच्या परवानगीने एक रुग्ण दगावला तर त्याची चौकशी होते, अधिकाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात येते. परवानगी अडकून राहिल्याने शंभर रुग्ण दगावले तर त्यांची फाईलच तयार होत नाही. म्हणून निर्णय न घेणे हा आमच्या सेवेतील सर्वांत सुरक्षित निर्णय ठरतो. रुग्णाच्या दृष्टीने पाहिले तर तोही एक निर्णयच आहे. त्याच्यावर कोणाची सही नसते, एवढेच.

यातून वाट काढणारी उदाहरणे आहेत. जपानने २०१४ साली अशा उपचारांसाठी सशर्त व मुदतबंद मान्यतेचा कायदा अमलात आणला. त्याखाली जून २०२१ मध्ये मेंदूच्या घातक गाठीसाठी 'जी-४७ डेल्टा' या हर्पिस विषाणूला, अवघ्या १९ रुग्णांच्या चाचणीवरून, सात वर्षांच्या मुदतीची मान्यता मिळाली. हे घाईचे नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. तुलनेचा गट नसलेल्या छोट्या चाचण्या फसव्या ठरू शकतात. सुमारे १४० रुग्णांच्या अशाच एका चाचणीवर आधारलेल्या दुसऱ्या हर्पिस विषाणूला जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने याच कारणास्तव मान्यता दिली नाही, आणि कंपनीला पुन्हा अर्ज करावा लागला. पण जपानी पद्धतीचा खरा कस मुदत संपताना लागतो. २०१५ आणि २०१९ साली अशीच सशर्त मान्यता मिळालेले हृदयविकारावरील आणि पायांच्या रक्तवाहिन्यांवरील दोन उपचार पुराव्याअभावी २०२४ साली कायम मान्यतेपर्यंत पोहोचू शकले नाहीत. तोवर त्यांच्यावर पैसा खर्च झाला, हा दोष आहेच. तरीही, दिलेला 'हो' परत घेता येतो हे त्या व्यवस्थेने दाखवले. आपल्या १९८९ च्या नियमांतही परवानगी प्रथम जास्तीत जास्त चार वर्षांसाठी असावी आणि नवी माहिती आल्यास ती मागे घेता यावी, अशी तरतूद आहे. म्हणजे बीज आपल्याकडे आहे. ते औषधाच्या परवान्याशी जोडले गेलेले नाही.

आपल्याला जमते याचा दाखलाही आहे. मुंबईच्या आयआयटीने आणि टाटा मेमोरियलने मिळून घडवलेल्या 'नेक्सकार-१९' या उपचारात रुग्णाच्या प्रतिकारपेशी बाहेर काढून, निःशस्त्र केलेल्या विषाणूकरवी त्यांत नवे जनुक घालून, त्या परत रुग्णाला देतात. येथे विषाणूचे काम शरीराबाहेरच आटोपते, त्यामुळे तो संसर्गाच्या दृष्टीने सोपा आहे. पण नियमनाच्या अनेक पायऱ्या त्याच आहेत. जून २०२१ मध्ये खारघरच्या केंद्रात पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला विक्रीची मान्यता मिळाली, आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार येथे चाळीस लाखांच्या आसपास आला. सर्वसामान्य घराला हीही रक्कम अशक्यच. आयुष्मान भारत योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख आहे. पण संशोधक, रुग्णालय आणि नियामक एका टेबलाभोवती बसले की काय होऊ शकते, हे त्यातून दिसते.

माझ्या सूचना चार आहेत, आणि त्यांतील एकीलाही नवा कायदा लागत नाही.

पहिली, एक फाईल व एक तारीख. जिवंत विषाणूच्या उपचारासाठी आलेला अर्ज जैवतंत्रज्ञान, पर्यावरण आणि आरोग्य या तिन्ही बाजूंनी एकाच वेळी तपासला जावा. एकामागून एक नव्हे. त्या फाईलवर एका अधिकाऱ्याचे नाव असावे आणि विलंबाचे कारण त्याने लेखी द्यावे.

दुसरी, मुदतबंद मान्यता. जेथे दुसरा उपाय उरलेला नाही तेथे मर्यादित केंद्रांना, मर्यादित वर्षांसाठी परवानगी द्यावी. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी, आणि ठरलेल्या दिवशी पुरावा समोर आला नाही तर परवानगी आपोआप संपावी. ती वाढवण्यासाठी सही लागावी, संपवण्यासाठी नव्हे. नोंदींसाठी २०१२ पासून उभे राहिलेले, तीनशेहून अधिक संस्थांचे नॅशनल कॅन्सर ग्रिड हाताशी आहेच.

तिसरी, जिल्हा समिती जागी करणे. सर्व जिल्ह्यांत नको. जेथे असा उपचार किंवा त्याची चाचणी होणार आहे, त्या दहा-वीस जिल्ह्यांत हवी. तिच्याकडून विज्ञानाचा निवाडा अपेक्षित नाही. तो कलेक्टरचा प्रांत नव्हे. तिने अर्ध्या पानाची यादी घेऊन रुग्णालयात जावे : गोठवणारे यंत्र वीज गेल्यावर किती तास तग धरते, सांडल्यास काय करायचे हे रात्रपाळीच्या परिचारिकेला माहीत आहे का, पट्ट्या पिवळ्या पिशवीत जातात का, रुग्ण गावी परतल्यावर त्याच्या घरच्यांना कोणी समजावले आहे का. असे प्रश्न विचारायला डॉक्टरेट लागत नाही. चौकस तहसीलदारही ते विचारू शकतो.

चौथी, संमती आणि उत्तर. संमतिपत्र रुग्णाच्या भाषेत हवे, हे नियमात आहे. ते त्याला कळेल अशा भाषेत हवे, हे नियमात लिहून होत नाही. माळव्यातल्या शेतकऱ्याला इंग्रजीवरून शब्दशः उतरवलेली हिंदी देणे म्हणजे इंग्रजीच देणे होय. आणि प्रत्येक राज्यात, एखाद्या सरकारी कर्करोग रुग्णालयात, अशी एक खिडकी असावी जेथे कोणीही नागरिक इंटरनेटवरून छापलेले कागद घेऊन जाईल आणि "हे खरे आहे का?" असे विचारील. तेथील डॉक्टरने ते वाचून, चार ओळींत, सहीनिशी उत्तर द्यावे. याला खर्च जवळजवळ नाही. याने वाचणारा पैसा, जमीन विकून परदेशी किंवा भोंदूंकडे जाणारा पैसा, मोजताही येणार नाही.

कोणी म्हणेल की, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर मिळत नसताना या चैनीच्या गोष्टी कशाला? गुटखा बंद करणे आणि तोंडाची वेळेवर तपासणी करणे यांनी जितके जीव वाचतील तितके कोणताही विषाणू वाचवणार नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु ज्याची गाठ उद्भवून चुकली आहे त्याला प्रतिबंधाचे महत्त्व सांगणे हे उत्तर होत नाही. राज्यसंस्थेला दोघांशीही बोलता आले पाहिजे.

ते शिक्षक आता निवृत्त झाले असतील. आज ते पुन्हा जनसुनवाईत आले तर चीनला जाण्याचे पैसे मी आजही देऊ शकणार नाही. मात्र शेऱ्याखाली मी आणखी दोन ओळी लिहीन. जिल्हा समितीच्या अध्यक्षाच्या नात्याने लिहीन की, हे कागद अमुक रुग्णालयातील अमुक डॉक्टरांकडे अभिप्रायासाठी पाठवले आहेत, आणि उत्तर अर्जदारास आठ दिवसांत कळवावे. उत्तर बहुधा 'नाही' असेच येईल. पण ते त्या भावाच्या हयातीत येईल, आणि त्याच्याखाली कोणाची तरी सही असेल.